सांजवातीची दहा मिनिटं

"समईला हात तुझाच लागला पाहिजे. दिवेलागणीला घराबाहेर राहायचं नाही, आणि वात लाव म्हणून दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. कळलं?"

लग्नानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी काडेपेटी माझ्या हातात देत सासूबाईंनी हे बजावलं होतं. मी मान हलवली. मान हलवणं मला पहिल्यापासून छान जमतं. पुढची चौतीस वर्षं, माझे अडचणीचे दिवस आणि दोन बाळंतपणं सोडली, तर आमच्या कराडच्या घरातली समई मीच लावली. डायलिसिससाठी डाव्या हाताची नस जोडायचं ऑपरेशन झालं, त्या दिवशीसुद्धा पाचला घरी येऊन उजव्या हातानं लावली.

आणि डिसेंबरातल्या त्या मंगळवारी, डायलिसिसच्या खुर्चीत डाव्या हातात दोन सुया घेऊन पडलेली असताना तोच आवाज माझ्या कानाशी होता. समोर भिंतीवरचं घड्याळ. पावणेसहाला दोन मिनिटं कमी. सूर्यास्त पाच अठ्ठावन्नला. सकाळीच पंचांगात बघून ठेवलेलं.

"शमशाद," मी हळूच हाक मारली.

"आले, मावशी. तुमचं घड्याळ माझ्यापण डोक्यात फिरत असतंय."

शमशाद मुल्ला ही आमच्या दुपारच्या पाळीची टेक्निशियन. मशीन लावायचं, काढायचं काम तिचं. चार तास एका नळीनं माझं रक्त बाहेर जायचं, मशीनमध्ये धुतलं जायचं आणि दुसऱ्या नळीनं परत यायचं. सगळं संपलं की शमशाद मिठाच्या पाण्याची बाटली जोडायची आणि ते पाणी नळ्यांमधून फिरवायची. या शेवटच्या पाण्याबद्दल माझं एक ठाम मत होतं, आणि ते मी कुणाला विचारून बनवलेलं नव्हतं. मला वाटायचं, ही त्यांची भांडी विसळायची वेळ. नळ्या त्यांच्या, मशीन त्यांचं. विसळा की सावकाश. त्यासाठी माझी दहा मिनिटं कशाला?

"अर्धंच फिरव गं," मी म्हटलं. "बाकीचं मी गेल्यावर विसळत बस."

शमशादनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अर्ध्यानं होत नसतंय, मावशी."

"आज प्रदोष आहे."

"मागच्या खेपेला काय होतं?"

"तेव्हा शनिवार होता."

ती हसली. "आमची अम्मी अशीच. मगरिबची अजान झाली की चुलीवर दूध असू दे नाहीतर पाहुणे असू देत, ही उठली." आणि तिनं चिमटा लावून नळी बंद केली. दिवाळीपासून, दिवस लहान झाल्यापासून, हे असंच चाललं होतं. संध्याकाळची वेळ चुकवायची नसते हे तिला कळायचं, म्हणून मला ती फार जवळची वाटायची.

शेजारच्या खुर्चीतून बापू घोरपडे गरजले, "वहिनी, पुन्हा पळाला का तुम्ही? शेवटची यष्टी हाय का?"

बापू जुने पैलवान. किडन्या गेल्या तरी मान तशीच खांद्यात रुतलेली. त्यांना आमच्या पाळीत एकच करमणूक होती. महिन्यातून एकदा सगळ्यांचं रक्त तपासून यायचं, आणि हिमोग्लोबिनचा आकडा ते परीक्षेच्या निकालासारखा विचारत सुटायचे.

"वहिनी, किती पडलं?"

"आठ पॉइंट तीन."

"अरारा! नोव्हेंबरात साडेनऊ होतं की. मला बघा, अकरा दोन. शिकवणी लावा माझ्याकडं."

आकडा उतरत होता खरा. जिना चढताना मी तीन पायऱ्यांवर एक नाव घेत चढायचे. डिसेंबरात एका पायरीवर तीन नावं लागायला लागली. सगळ्या देवांची नावं संपून मी दुसऱ्यांदा सुरुवात केली तरी वरचा मजला आलेला नसायचा.

डॉक्टर निकम गुरुवारी फेरी मारायचे. तरुण, घाईचे, पण माझ्याशी बोलताना स्टूल ओढून बसायचे, कारण माझा आवाज उभ्या माणसाला ऐकू जात नाही असं त्यांचं म्हणणं.

"टेंबेकाकू, किडनी नुसती लघवी करत नाही. रक्त तयार करा म्हणून हाडांना निरोपही तीच पाठवते. तुमच्या किडनीनं निरोप पाठवणं बंद केलंय, म्हणून ती इंजेक्शनं. रक्ताला लोह लागतं, ते आम्ही नळीतून देतो. दोन्ही चालू आहे. मग आकडा का पडतोय?"

मी मान हलवली.

"मान नका हलवू. उपास किती करता?"

मी सांगितले. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन एकादश्या, संकष्टी, दोन प्रदोष.

"मग जेवता कधी?"

"मंगळवारी," बापू पलीकडून म्हणाले, "संकष्टी नसली तर."

डॉक्टर हसले नाहीत. "हे बघा. सातच्या खाली गेलं, तर मला रक्ताची बाटली चढवावी लागेल. आणि ती मला चढवायची नाहीये. तुमची बहीण किडनी देतेय ना चैत्रात? परक्याचं रक्त अंगात गेलं की शरीर परक्याला ओळखायला शिकतं. मग उद्या बहिणीची किडनी बसवली तर तिलाही परकी समजून बाहेर काढायला बघेल. आलं लक्षात?"

लक्षात आलं. नलू, माझी धाकटी, कुडाळच्या शाळेत शिकवायची. तिच्या सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या, रजेचा अर्ज दिलेला होता. लहानपणी माझ्या ताटातली पुरणपोळी ती पळवायची, आता फोनवर म्हणाली होती, "ताई, त्या पुरणपोळ्यांची परतफेड करत्ये. पुन्हा तो विषय काढायचा नाहीस." माझ्या आकड्यापायी तिला नको म्हणावं लागणार, हे मला जिन्यापेक्षा जड होतं.

म्हणून मी देवांशी बोलणी सुरू केली. आधी गुरुवार सोडला. दत्तमहाराज समजून घेणारे. मग सोमवार. महादेव भोळा आहे, त्याच्या लक्षातही येणार नाही असं वाटलं. दोन्ही एकादश्यांना विठ्ठलाची क्षमा मागून वरणभात जेवले. शनिवारचा उपास मात्र धरून ठेवला. तिथे बोलणी करू नयेत.

चार उपास गेले. माझा घास वाढला, आमचे हे खूश झाले. आणि जानेवारीच्या सुरुवातीला आकडा आला सात पॉइंट चार.

बापूंनी या वेळी शिकवणीचं काढलं नाही. नुसते म्हणाले, "मशीनला चूक असंल, वहिनी."

डॉक्टरांनी स्टूलही ओढलं नाही. "कुठेतरी गळतंय. पोटात रक्तस्राव होतोय का ते बघू. मंगळवारी पुन्हा तपासायचं. सातच्या खाली आलं, तर बाटली."

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. छत्तीस वर्षं स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या सोडल्या. 'एकही गाडी वेळेआधी सोडली नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही' हे वाक्य ते आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी सांगायचे. देवावर विश्वास नाही. देवघरात पाऊल टाकायचे ते फक्त बल्ब बदलायला. आणि रक्त पाहिलं की घेरी. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी त्यांनाच आधी सलाईन लावावं लागलं होतं. त्यामुळे दहा महिने मला सोडायला-न्यायला यायचे ते दारापर्यंत. आत कधीच नाही. बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचे.

पोटाच्या तपासणीची डबी ह्यांनीच नेली. पेपरात गुंडाळून, पेपर पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. स्टँडवरचा एक जुना कंडक्टर भेटला आणि 'साहेब, काय आणलंत खायला?' म्हणून पिशवीत हात घालणार होता, तेव्हा म्हणे हे आयुष्यात पहिल्यांदा पळाले. निकाल आला: पोटात काही नाही.

त्या रात्री जेवताना हे एकदम म्हणाले, "आपल्याकडे एक चिपळूण गाडी होती. रोज डिझेल कमी पडायचं. सगळे ड्रायव्हरवर संशय घ्यायचे. इंजिन उघडून झालं, टाकी बदलून झाली. शेवटी मी गाडी उभी राहायची तिथे खाली वर्तमानपत्र पसरलं आणि शेजारी उभा राहिलो."

"मग?"

"गाडी बंद करताना गळायचं. चालू असताना नाही, उभी असताना नाही. बंद करताना."

"बरं."

"मंगळवारी मी आत येणार."

मी हातातला घास ठेवला. "अहो, आत रक्त असतं."

"माहीत आहे मला काय असतं ते," हे म्हणाले आणि ताक पिताना त्यांना ठसका लागला.

मंगळवारी हे खरंच आत आले. माझ्या खुर्चीला पाठ करून, भिंतीकडे तोंड करून स्टूलवर बसले. चार तास. बापूंना आनंद झाला. "काका, तुम्ही शिक्षा झाल्यागत का बसलाय?" हे अधूनमधून नुसते घड्याळ बघत, मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहीत.

पावणेसहा वाजले. शमशाद आली. मी हळूच म्हटलं, "अर्धंच गं," आणि तिनं चिमटा लावला. पलीकडे तिच्या सहकाऱ्यानं बापूंचं मशीनही बंद करायला घेतलं होतं.

हे उठले. कठड्याला धरून सावकाश वळले. चेहरा पांढरा पडलेला. आधी त्यांनी बापूंच्या नळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या.

"ह्यांच्या नळीत पाणी दिसतंय," हे म्हणाले. "नुसतं गुलाबी. हिच्या नळीत लाल का?"

त्यांनी बोटानं माझी नळी दाखवली.

"आणि हे लाल आता कुठे जाणार?"

शमशादच्या हातातली नळी तशीच राहिली. "टाकायची, काका," ती अगदी हळू म्हणाली.

"मग ते हिचं रक्त आहे ना?"

"व्हय."

हे कागदावर लिहायला वाकले, आणि तसेच खाली बसले. स्टूल मात्र दोन हात लांब होतं.

बापूंनी खुर्चीतून सगळी गावकी जमेल एवढा आवाज लावला. कुणी ह्यांच्या तोंडावर पाणी मारलं, कुणी पाय वर धरले, आणि दुसऱ्या मजल्यावरून डॉक्टर निकम धावत आले. त्यांना वाटलं मीच गेले. मी आपली सुयांच्या जागेवर कापूस दाबून बसले होते.

शुद्धीवर येताच हे पहिलं काय बोलले असतील? "डॉक्टर, बंद करताना गळतंय."

मग सगळं निघालं. ते पाणी भांडी विसळायला नव्हतंच. नळ्यांत आणि मशीनमध्ये राहिलेलं माझं रक्त ढकलून मला परत द्यायला होतं ते. पाव वाटी रक्त दर खेपेला मी मागे टाकून येत होते. आठवड्यातून तीनदा, दिवाळीपासून. आणि मी कोण? दुधाचं पातेलं विसळून ते पाणी चहात घालणारी बाई. तुपाचं भांडंसुद्धा गरम पोळी फिरवल्याशिवाय मी घासायला टाकलं नाही कधी.

डॉक्टरांचा आवाज चढला. "शमशाद, तुम्हाला हे कळत नव्हतं? नऊ वर्षं काम करताय! उद्यापासून येऊ नका तुम्ही."

शमशाद पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिच्या घरी अंथरुणावरची सासू होती, दोन मुली होत्या. तिनं 'मावशींनी सांगितलं' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही.

"डॉक्टर!"

माझा तो आवाज मलाच नवा होता. बापू दचकले. त्यांच्या हातातला कापूस खाली पडला.

"तिनं दर खेपेला नको म्हटलं. दर खेपेला मी व्रत पुढे केलं. प्रदोष नसताना प्रदोष आहे म्हणून सांगितलं, दोनदा." हे कबूल करणं मला सगळ्यात जड गेलं. "तिला काढलंत तर मी या खुर्चीत बसणार नाही. मग हिमोग्लोबिन तुम्ही कुणाचं तपासायचं ते तपासा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काकू, मला वचन द्या. पाणी पूर्ण फिरवायचं. वर दहा मिनिटं कापूस दाबून बसायचं. सव्वासहाच्या आत खुर्चीतून उठायचं नाही."

"दिलं."

"आणि शमशाद, एकदा लेखी समज. पुन्हा झालं तर मी ऐकणार नाही."

त्या दिवशीचा आकडा रात्री फोनवर आला: सात पॉइंट शून्य. डॉक्टर म्हणाले, खाली तर गेलेला नाही. बाटली पुढच्या मंगळवारवर गेली.

समई मात्र त्या दिवशी सव्वासातला लागली. मी वात लावून छताकडे बघत बसले. काही झालं नाही. पालसुद्धा चुकचुकली नाही. तरी मला झोप आली नाही. नलूसाठी वचन दिलं होतं, आणि सासूबाईंना चौतीस वर्षांपूर्वी दिलेलंही वचनच होतं. सकाळच्या पाळीत जागा विचारली. चैत्रापर्यंत रिकामी नाही. दोन दिवस मी ह्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांनी माझी गळती शोधली होती म्हणून रागही धरता येईना.

गुरुवारी हे पुन्हा आत आले. पाठ करूनच बसले. पाच वाजता भिंतीकडे बघत म्हणाले, "मी लावीन."

"काय?"

"समई."

"तुम्ही? अहो, सासूबाईंनी सांगितलंय, माझाच हात..."

"का सांगितलं ते माहीत आहे तुला?"

"व्रत होतं त्यांचं."

ह्यांनी खाकरून घसा साफ केला. "आईनं शपथ घातली होती. पण आता तिला जाऊनही वीस वर्षं झाली. ऐक. आईला सिनेमाचं वेड होतं. दर शुक्रवारी शेजारच्या गंगूमावशीबरोबर तीन ते सहाच्या खेळाला जायची. बाबांना सांगायची, कीर्तनाला जाते. आणि सिनेमा सुटून घरी येईपर्यंत समई कोण लावणार?"

"कोण?" मी विचारलं.

"नऊ वर्षांचा असल्यापासून मी. पायलीभर तेल सांडलंय त्या देवघरात. सगळी पोरं घाटावर चेंडू खेळायची आणि मी वाती वळतोय. दर शुक्रवारी! तुला वाटतं मी विचार करून नास्तिक झालो?"

"आणि मग?"

"मग मी रडायचो. ती म्हणायची, रडू नकोस बाळा, तुझी बायको आली की पहिल्याच दिवशी तिला सांगते, तुझ्याच हातानं लाव म्हणून. म्हणजे तू सुटलास. दिलेला शब्द पाळला बाईनं."

चौतीस वर्षं मी जे धर्माचं समजत होते, ते एका पोराला चेंडू खेळायला सोडण्यासाठी होतं. मला हसू आलं. आधी दाबलं, पण ते पोटातून वर आलं आणि माझा हात हलला, तशी मशीननं टी-टी-टी करून आरडाओरडा सुरू केला. लाल दिवा लागला. शमशाद धावत आली, "हात, मावशी! हात हलवू नका!" मला हसू थांबेना. बापू म्हणत होते, "काय झालं? मलापण सांगा की!" ह्यांनी पाठ वळवली नाही, पण त्यांची मान कानापर्यंत लाल झालेली मला मागून दिसली.

मशीन शांत झालं. शमशादनं सुया नीट केल्या.

"वात दोन पदरी असते," मी म्हटलं. "आणि तेल..."

"तिळाचं. मला शिकवू नकोस."

"हात-पाय धुऊन..."

"अगं, माहीत आहे."

पुढच्या मंगळवारी आकडा आला सात पॉइंट तीन, मग सात पॉइंट नऊ. फाल्गुनात दहा झाला, आणि बापूंनी माझ्या पास होण्याचे म्हणून सगळ्या खुर्च्यांना अर्धा-अर्धा पेढा वाटला; अख्खा कुणालाच चालत नव्हता. नलू चैत्रात आली. तिनं दिलेलं आज नऊ वर्षं माझ्यात चालू आहे, आणि मी सकाळ-संध्याकाळ घराबाहेर हवं तेव्हा जाऊ शकते. पण ते सगळं पुढचं.

त्या गुरुवारी काय झालं ते एवढंच. पाच वाजून दहा मिनिटांनी हे स्टूलवरून उठले. पेपराची घडी खिशात घातली. माझ्याकडे बघितलं नाही. वाटेत रक्ताच्या नळ्या होत्या. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. रुमालानं पुसले. मग दाराशी चपला घालून बाहेर पडले.

काचेतून मला ते रिक्षास्टँडकडे जाताना दिसत होते. सूर्यास्ताला अजून तासभर होता.

"काका एवढ्या लवकर निघाले?" शमशादनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "तू पाणी सगळं फिरव."